बिल नेमकं कोण वाढवतं?

वीजबिल आलं की घरात पहिला ओरडा पोरांना बसतो: दिवे बंद करा! ओरडायला हरकत नाही, पण ९ वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. भर उन्हात जोरात चालणारा दीड टनी एसी तेवढी वीज तासाभरात खातो. वीज खरी लागते ती गरम आणि गार करायला. नेमके गैरसमजही तिथेच जास्त.

‘एसी १८ वर लावला की खोली पटकन गार होते.’
होत नाही. रिमोटवरचा आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १८ वरही त्याच वेगाने फिरतो आणि २४ वरही. इन्व्हर्टर एसी तापलेल्या खोलीत सुरुवातीला तसाही जोरातच चालतो. फरक पडतो तो नंतर: २४ वर लावलेला दम खातो, १८ वाला धापा टाकत राहतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर सरकवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर असतात. २६ ठेवून वर पंखा लावा, अंगाला फरक कळत नाही.

‘पंख्याने खोली गार होते.’
गार होतं ते आपलं अंग, घाम वाळतो म्हणून. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मोटरच्या उष्णतेने तिला उलट किंचित तापवतोच. रेग्युलेटरने वेग कमी केला की वीज वाचते, हाही असाच समज. जुना चौकोनी डबा असेल तर वेग कमी केल्यावर वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यातच उष्णता होऊन जाते. हात लावून बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने मात्र खरंच वाचते. त्याहून मोठी बचत पंखा बदलण्यात आहे: जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी मोटरचा साधारण ३०-३५. रोज बारा तास पूर्ण वेगात चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला चौदा-पंधरा युनिटं वाचतात.

‘तीन किलोवॉटचा गिझर दोनवाल्यापेक्षा जास्त वीज खातो.’
१५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट लागतं, गिझर कुठलाही असो. तीनवाला नऊ मिनिटांत उरकतो, दोनवाला तेरा मिनिटं घेतो, इतकंच. उधळपट्टी होते ती टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवण्यात आणि कढत पाणी करून त्यात बादलीभर गार ओतण्यात.

‘आमचा एसी फाइव्ह स्टार आहे.’
कोणत्या सालचा? निकष अधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले, तेव्हा कालचा पाच ताऱ्यांवाला चार ताऱ्यांवर आला. तारे मोजण्यापेक्षा लेबलवरची वार्षिक युनिटं वाचावीत. मात्र तो आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. तुमचा वापर कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात हिशेब करा.

‘कूलर लावला की दारं-खिडक्या घट्ट बंद.’
हे एसीला लागू. कूलर हवेत बाष्प सोडतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर एसीच्या कितीतरी कमी विजेत काम भागवतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तो नुसता ओलावा वाढवतो.

प्लगमध्ये खोचायच्या ‘पॉवर सेव्हर’ डबीबद्दल एवढंच, की ती घेऊ नका. आत बहुधा एक कपॅसिटर असतो, आणि घरगुती बिल ज्या युनिटांवर येतं ती त्याने कमी होत नाहीत.

‘शंभर युनिटं ओलांडली की सगळ्यांनाच वरचा दर.’
महावितरणच्या घरगुती बिलात तसं नसतं. पहिली १०० खालच्याच दरात राहतात, १०१व्यापासून वरचा टप्पा लागतो. ३०० आणि ५०० लाही तसंच. त्यामुळे वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. पंखा बदलायचा की नाही हे ठरवताना बिलातला सरासरी दर धरू नका, शेवटच्या टप्प्याचा धरा.