तेजीवाले किती, मंदीवाले किती?

२०२५च्या १० ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चिनी मालावर जादा १०० टक्के आयात शुल्क लावण्याची घोषणा केली आणि क्रिप्टो चलनांच्या वायदा बाजारात हाहाकार उडाला. १ लाख २० हजार डॉलरच्या वर असलेला बिटकॉईन काही तासांत १ लाख ५ हजारांच्या आसपास आपटला. चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे सौदे सक्तीने कापले गेले. फटका बसलेल्यांची संख्या होती १६ लाखांच्या घरात. त्यातले बहुतेक तेजीवाले!

भाव पडला जेमतेम १३-१४ टक्के. मग एवढी माणसं एका रात्रीत धुऊन कशी निघाली? त्याचं उत्तर उधारीत आहे. वायद्यात सौद्याची पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. १ लाख रुपये अनामत ठेवून १० लाखांचा सौदा करता येतो. भाव १० टक्के चढला की पैसे दुप्पट. १० टक्के उतरला की अनामत साफ. तेवढी वेळही बाजार येऊ देत नाही. अनामत संपत आली, की संगणक सौदा परस्पर कापून टाकतो. त्या विक्रीनं भाव आणखी घसरतो आणि पुढच्याचा नंबर लागतो. म्हणूनच या बाजारातले जाणकार नुसता भाव बघत नाहीत. कोण कुठल्या बाजूला उभा आहे आणि किती उधारीवर, हे ते आधी तपासतात.

जुना बदला, नवं नाव

क्रिप्टोत सर्वात लोकप्रिय आहे तो मुदत नसलेला, कधीच न संपणारा वायदा. २०१६ साली बिटमेक्स या बाजारानं तो आणला. मुदतच नाही, तर वायद्याचा भाव रोखीच्या भावाजवळ राहणार कसा? त्यासाठी ‘फंडिंग रेट’ नावाची युक्ती आहे. तेजीवाल्यांचा जोर वाढून वायदा महाग झाला, तर त्यांनी मंदीवाल्यांना आकार द्यायचा. उलट झालं, तर मंदीवाल्यांनी तेजीवाल्यांना. बहुतेक ठिकाणी हा हिशेब दर आठ तासांनी होतो.

दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. शेअर घेतले पण पैसे भरायचे नाहीत, तर सौदा पुढच्या वळणावर ओढण्यासाठी ‘बदला’ द्यावा लागे. शेअरचीच टंचाई झाली तर विकणाऱ्यावर पाळी येई. तो ‘उंधा बदला’. २ जुलै २००१ला ही पद्धत बंद झाली. बदल्याचं व्याज सावकाराच्या खिशात जायचं, इथं ते समोरच्या सौदेवाल्याला मिळतं, एवढाच काय तो फरक.

हा आकार दिसतो किरकोळ. समजा, दर आठ तासांना ०.०१ टक्का. १० लाखांच्या सौद्यावर एका वेळचे १०० रुपये, दिवसाचे ३००, महिन्याचे ९ हजार. पण खिशातून घातले होते फक्त १ लाख. म्हणजे महिन्याला ९ टक्के! हा दर फुगत चालला, की तेजीच्या बाजूला गर्दी झाली असं समजावं.

आकड्यांचे चकवे

दुसरा आकडा उभ्या सौद्यांचा, म्हणजे ‘ओपन इंटरेस्ट’चा. भाव आणि उभे सौदे दोन्ही वाढत असतील, तर नवे सौदेवाले उतरत आहेत. भाव वाढतोय पण उभे सौदे घटताहेत, तर बहुधा घाबरलेले मंदीवाले आपली विक्री कापताहेत. अशी तेजी फार काळ टिकेलच असं नाही.

तेजीवाले आणि मंदीवाले यांचं प्रमाणही रोज झळकतं. इथं मात्र सावध! प्रत्येक सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. दोन्ही बाजूंची रक्कम सारखीच. ‘७० टक्के तेजीत’ याचा अर्थ बहुधा ७० टक्के खाती तेजीत. उरलेल्या ३० टक्क्यांत मोठे मासे असू शकतात.

अमेरिकेत वायदा बाजारावर देखरेख करणारा सरकारी आयोग दर आठवड्याला अहवाल काढतो. मंगळवारची स्थिती शुक्रवारी जाहीर होते. धान्याच्या वायद्यांसाठी १९२४ साली सुरू झालेल्या या परंपरेत शिकागोच्या बाजारातले बिटकॉईनचे वायदेही आले. ते सुरू झाले डिसेंबर २०१७मध्ये. बडे फंड विक्रीच्या बाजूला दिसले, की अनेकांना मंदीची चाहूल लागते. पण जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत बिटकॉईनच्या ईटीएफना परवानगी मिळाल्यापासून कित्येक फंड एका हातानं ईटीएफ घेतात, दुसऱ्या हातानं वायदा विकतात आणि भावातला फरक खिशात टाकतात. भाव चढो वा पडो, त्यांना फिकीर नाही.

शिवाय हा अहवाल अमेरिकेच्या नियमाखाली चालणाऱ्या बाजारांपुरताच. आणि १० ऑक्टोबरला तर तिथलं सरकारी कामकाज ठप्प असल्यानं तो निघतच नव्हता!

घरच्या पैशाचं काय?

आपल्याकडे शेअरच्या वायद्यांवर सेबीची करडी नजर असते. तरीही २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्स खेळणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये, असं सेबीनंच २०२४मध्ये सांगितलं. क्रिप्टोवर तर सेबीचं छत्रही नाही. २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका चलनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर असे सौदे करत असेल, तर रागावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. अनामतीच्या किती पट सौदा घेतला आहेस? कुठल्या भावाला तो आपोआप कापला जाईल? दर महिन्याला आकार किती जातो? तिन्ही उत्तरं रुपयांत, कागदावर लिहून मागावीत. लिहिता आली नाहीत, तर तो सौदा त्याच दिवशी मिटवलेला बरा.