राजर्षींच्या चेहऱ्यावरचा उजेड

राजर्षी शाहूंची छायाचित्रे पाहताना आपण फेटा, दागिने, मुद्रा न्याहाळतो. उजेड कुठून आला हे सहसा पाहत नाही. त्यांच्या काळात (१८७४–१९२२) स्टुडिओची भिस्त मुख्यतः काचेच्या छतातून, शक्यतो उत्तरेकडून, येणाऱ्या मऊ प्रकाशावर असे. पडदे सरकवून तो कमीजास्त करायचा. समोरून पसरलेल्या उजेडात सुरकुत्या विरतात, भरजरी पोशाख उठून दिसतो आणि समोर बसतात ते ‘महाराज’. तोच उजेड एका बाजूने आला, की कपाळ, गाल, जबडा यांना घडण येते. खासबागेत कुस्तीचे मैदान उभारणारा धिप्पाड मल्ल दिसू लागतो.

त्यात काचपट्ट्यांची खोड. त्या काळच्या बहुतेक पट्ट्या निळ्या रंगाला हळव्या, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. तांबडा फेटा काळा उमटे, रापलेली कातडी प्रत्यक्षाहून सावळी. मग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळायचा. तेव्हा जुने छायाचित्र म्हणजे निखळ पुरावा, असेही नाही.

कोल्हापुरात सावलीची किंमत ओळखली ती, माझ्या मते, बाबूराव पेंटरांनी. नाटकांचे पडदे रंगवून पुढे सिनेमात आलेल्या या माणसाने १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला.

आजच्या जयंतीच्या फलकांवर मात्र शाहूंचा चेहरा अनेकदा गोरा, बिनसावलीचा असतो. १९०२मध्ये निम्म्या रिकाम्या जागा मागासवर्गीयांसाठी राखणाऱ्या राजाचाच रंग उजळावा, हे मला खटकते. जुनी प्रत हाती आली तर डोळ्यांतला पांढरा ठिपका पाहा. खिडकी कुठे होती ते तो सांगतो.