कडबा गेला, वाढं आलं

मार्गशीर्षात आमची शेवटची गाय विकली. चार वेळा भरवली, चारही वेळा उलटली. विसाव्या-एकविसाव्या दिवशी पुन्हा हंबरायला लागायची. व्यापाऱ्यानं भाकडाचाच भाव दिला. तिला टेम्पोत चढवल्यावर रीतीप्रमाणे दावं तेवढं ठेवून घेतलं आणि मागं वळून पाहिलं, तर गव्हाणीत सकाळचं उसाचं वाढं तसंच पडलं होतं. तेव्हापासून एकच हिशेब डोक्यात चाललाय : आमच्या जनावरांच्या पोटात इतक्या वर्षांत काय काय गेलं आणि त्यानं त्यांच्या रक्ताचं काय झालं?

जुनी वर्षं लवकर सांगून होतात. विटा आणि मायणीच्या मधल्या माथ्यावर आमचं गाव. शाळू, बाजरी, परड्यात कडब्याची गंज, दावणीला खिल्लार बैल, दुधाला एक म्हैस. पुढं संकरित गाई आल्या, डेअरीचे कॅन आले, फॅटवर भाव आला. सगळीकडं झालं तेच आमच्याकडं झालं.

मला सांगायचंय ते 2012 ते 2019 या वर्षांबद्दल. एका छावणीपासून दुसऱ्या छावणीपर्यंतचा तो काळ. 2012 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चारा छावणी उभी केली, 2019 मध्ये पुन्हा करावी लागली. माण, खटाव, आटपाडी, जतची जनावरं त्या वर्षांत अशा छावण्यांमुळंच जगली, हे आधी मोकळ्या मनानं सांगतो. नाहीतर ती बाजारात गेली असती. पण छावण्यांत चारा यायचा तो मुख्यतः कृष्णाकाठचा ऊस. पुढं टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी माथ्यावर आलं आणि ऊस आमच्याच रानात आला. त्या पाण्यासाठी आमच्या वडिलांच्या पिढीनं मोर्चे काढले, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण शाळू कमी झाला, त्याच्याबरोबर कडबा गेला, आणि गंजीच्या जागी वाढ्याचे भारे येऊन पडले.

2015 चा श्रावण कोरडा गेला. गुडघ्याएवढी खरीप ज्वारी सुकली, मग एक सर आली आणि तिला कोवळे फुटवे आले. चुलत्यांची म्हैस आणि रेडकू दावं तोडून त्यात शिरलं. घटकाभरातच म्हैस धापा टाकत आडवी झाली. डॉक्टर आले. त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली आणि रक्त आलं ते डाळिंब फोडल्यासारखं लालभडक. शिरेतलं रक्त काळपट असतं, एवढं मलाही ठाऊक होतं.

"किराळ लागलंय," डॉक्टर म्हणाले. "तात्या, रक्तात प्राणवायू आहे, पण अंगाला तो घेता येईना."

कोवळ्या, सुकलेल्या ज्वारीत सायनाइड तयार होतं ते असं काम करतं. त्यांनी आधी सोडियम नायट्राइट दिलं, मग थायोसल्फेट. म्हैस उठली. रेडकू तोवर गेलं होतं.

त्या रात्री डॉक्टरांनी चहा घेताना सांगितलेलं अजून लक्षात आहे. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते बदललेलं हिमोग्लोबिन सायनाइडला धरून ठेवतं, म्हणून जनावर वाचतं. पण पावसानं ओढ दिलेली असताना युरियाचा मारा केलेला मका कापून घातला, तर त्यातल्या नायट्रेटचं कोठीपोटात नायट्राइटच होतं. तेव्हा रक्त चॉकलेटसारखं तपकिरी होतं, गाभण गाय गाभडते, जास्त झालं तर मरतेही. औषध तेच, विषही तेच.

ही विषं निदान डोळ्यांना दिसतात. वाढ्याचं तसं नाही, म्हणून त्याचा मला जास्त राग आहे. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला चिकटतं आणि त्याचे न विरघळणारे खडे शेणावाटे निघून जातात. गाईच्या 100 मिलिलिटर रक्तरसात साधारण 8 ते 10 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते टिकवायला ती हाडं झिजवते. त्यात वाढ्यात प्रथिनं कमी, स्फुरद कमी. मग वार अडकते, माज मुका होतो, गाय उलटत राहते. व्यायल्यावर काही आठवड्यांत म्हैस तांबडं मुतायला लागली की बाया दृष्ट काढायच्या. स्फुरद घटल्यानं तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असायच्या. सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून गेलं की त्या म्हशी बऱ्या झालेल्या मी पाहिल्यात.

सरकी पेंडीचंही तसंच. तिच्यातलं गॉसिपॉल गाईचं कोठीपोट बऱ्याच अंशी पचवतं, पण वासरांना आणि वळूंना ती भरमसाट घातली तर बाधते. चीनमध्ये 1950 च्या दशकात सरकीचं कच्चं तेल खाणाऱ्या गावांत मुलं होणं थांबलं, त्यावरून पुढं गॉसिपॉलनं वीर्यातले शुक्रजंतू कमी होतात हे उघड झालं. आमच्याकडं मात्र खोंडाला आंबोणात पेंड जास्त घालणं ही मायाच समजली जाते.

वाढ्यावर इलाज अगदी साधा आहे. चुना पाण्यात कालवून वरची निवळ वाढ्यावर शिंपडायची, बरोबर खनिज मिश्रण द्यायचं आणि निम्मा तरी दुसरा चारा घालायचा. पशुवैद्यक हे पूर्वीपासून लिहीत आलेत. आमच्या गोठ्यात भरवायला येणाऱ्यांनी मात्र दर वेळी पैसे घेतले, वीर्याची कांडी बदलली, पुढच्या वेळी भारी वळूची कांडी सुचवली. गव्हाणीत हात घालून कुणी पाहिलं नाही, रक्त तपासा असं कुणी म्हटलं नाही. त्या गाईचं कार्ड माझ्याकडं आहे. त्यावर चार तारखा आणि चार वळूंचे क्रमांक आहेत. ती काय खाते हे लिहायला कार्डात जागाच नाही. आणि मी, तिला रोज दोन वेळा चारा घालणारा, तिच्याच नशिबाला बोल लावत राहिलो. हे मला फार लागलंय.

गोठ्यात आता तिचीच एक कालवड उरली आहे. परवा मंगळवेढ्याकडून कडब्याच्या शंभर पेंड्या आणल्या आणि तिच्यापुढं एक सोडली. तिनं वास घेतला आणि मान फिरवून कोपऱ्यातल्या वाढ्याकडं ओढ घेतली. जन्मल्यापासून तिनं कडबा पाहिलेलाच नाही. शेवटी कुट्टी करून वर मूठभर आंबोण पसरलं, तेव्हा तिनं तोंड लावलं.