कनिष्ठ टेनिसस्पर्धांतील खेळाडू : कामकरी की गिऱ्हाईक ?

ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील मोनास्तीर ह्या शहरी, प्रवाशांसाठी बांधलेल्या हॉटेलाच्या आवारातील कोर्टांवर, वर्षातील बहुतेक आठवडे धंदेवाईक टेनिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू असते. तुर्कस्तानातील अंताल्या आणि इजिप्तमधील शर्म-एल-शेख येथेही अशा स्पर्धा लागोपाठ भरत आल्या आहेत. प्रेक्षक जवळजवळ नसतातच. तिकीटविक्रीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. प्रेक्षकांवाचून चालणाऱ्या ह्या खेळाचा खर्च मग सोसतो कोण ? प्रस्तुत लेखात ह्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण त्याच्या उत्तरातच तळाच्या खेळाडूच्या जीवनाचे बरेचसे स्पष्टीकरण सापडते.

पुरुषांच्या धंदेवाईक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या १५,००० डॉलर पारितोषिकाच्या स्पर्धा होत. (२०१७ पूर्वी ही रक्कम १०,००० डॉलर होती.) २०१७ मध्ये ठरलेल्या वाटपाप्रमाणे एकेरीतील विजेत्यास २,१६० डॉलर, उपविजेत्यास १,२७२, उपान्त्य फेरीत हरणाऱ्यास ७५२, उपउपान्त्य फेरीत हरणाऱ्यास ४३८, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्यास २५८ आणि पहिल्याच फेरीत गारद होणाऱ्यास १५६ डॉलर मिळतात. पात्रताफेरीत हरणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. ह्या रकमांतूनही पुष्कळदा यजमान देशाचा कर कापला जातो.

आता खर्चाची बाजू पाहू. महासंघानेच २०१३ सालच्या आकडेवारीवरून केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, प्रवास, निवास, भोजन, कपडे, धुलाई आणि रॅकेटच्या तारा बदलणे एवढ्याचाच हिशेब धरला, तरी पुरुष खेळाडूस वर्षाकाठी सरासरी ३८,८०० व स्त्री खेळाडूस ४०,१८० डॉलर लागत. प्रशिक्षकाचे वेतन ह्यात धरलेले नाही. खर्च आणि पारितोषिके ह्यांची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या, तर स्त्रियांत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास होत होती. आणि त्या वर्षी खेळलेल्या ८,८७४ पुरुषांपैकी ३,८९६ जणांनी एक डॉलरही मिळविला नव्हता. वर्षातून तीस आठवडे खेळ होतो असे धरल्यास आठवड्याचा खर्च सुमारे १,३०० डॉलर येतो. म्हणजे ज्या पंधरा हजारी स्पर्धेत खेळाडू अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, त्या आठवड्याचाही खर्च पुरता भरून निघत नाही. आणि दर आठवड्यास जिंकणारा खेळाडू ह्या पायरीवर फार काळ राहतच नाही.

तेव्हा पारितोषिकाला वेतन म्हणणे हे शब्दांचा दुरुपयोग करण्यासारखे आहे. खेळाडू ह्या स्पर्धांना जातो तो गुणांसाठी. पंधरा हजारी स्पर्धेच्या विजेत्याला आज क्रमवारीचे १५ गुण मिळतात आणि दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला एक. हे गुण मिळविण्यासाठी तो विमानाचे भाडे देतो, हॉटेलाचे बिल भरतो. समजा, खेळाडू व त्यांचे सोबती मिळून साठ माणसे सहा रात्री राहिली आणि माणशी रोज ७० डॉलर पडले, तर हॉटेलाची जमा २५,२०० डॉलर होते. म्हणजे संपूर्ण पारितोषिक वाटूनही काही उरते. हे उदाहरण कल्पित आहे, परंतु मंदीच्या हंगामात किनाऱ्यावरील हॉटेलांना टेनिसचे एवढे प्रेम का वाटावे हे त्यावरून ध्यानात येईल. खेळाडू येथे कामकरी नव्हे, गिऱ्हाईक आहे. आणि पारितोषिक ही त्याच्याच पैशातून निघालेली, विषम रीतीने वाटलेली सूट आहे. त्याचीही सोय ह्यात नाही असे नाही: हरल्यावर विमान न पकडता पुढच्या आठवड्याची स्पर्धा त्याच कोर्टांवर खेळता येते. मात्र आज ज्याच्याबरोबर सराव करावयाचा तोच उद्याचा प्रतिस्पर्धी असावयाचा, आणि त्याच्याबरोबरच पुन्हा एका भोजनगृहात बसावयाचे, असे ते जीवन असते.

तोटा होत असूनही गिऱ्हाईक कमी का होत नाही ? मनुष्य आपल्या यशाची शक्यता वाजवीपेक्षा अधिक धरतो, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगितले होते. परंतु येथे केवळ भ्रम नाही. लाझीर व रोझेन ह्यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या स्पर्धासिद्धान्ताप्रमाणे खालच्या पायरीवरील मोबदल्यात वरच्या पायरीवर चढण्याच्या संधीचे मूल्यही धरावे लागते, आणि टेनिसमध्ये ती वरची पायरी एखाद्या कड्यासारखी उभी आहे. चार महास्पर्धांच्या मुख्य फेरीत पहिल्या सुमारे शंभरांना क्रमवारीनुसार प्रवेश मिळतो आणि पात्रताफेरीत १२८ जण खेळतात. म्हणजे साधारण २३० व्या क्रमांकापर्यंत दार उघडे असते. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यासही ३१,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. तळाच्या स्पर्धा लागोपाठ नऊ वेळा जिंकूनही एवढी प्राप्ती होणार नाही.

सुमित नागल ह्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताच्या ह्या अग्रगण्य एकेरी खेळाडूने आपल्या बँकेतील शिल्लक ९०० युरो असल्याचे सांगितले. वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी रुपये. पाठीशी इंडियन ऑइलची नोकरी व महाराष्ट्रातील महा टेनिस फाउंडेशनची मदत होती, पण मोठा पुरस्कर्ता नव्हता. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियात पात्रताफेरी ओलांडून त्याने अलेक्झांडर बुब्लिकला हरविले आणि दुसऱ्या फेरीत पोहोचल्याबद्दल त्याच्या नावे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जमा झाले. अशी एक कथा शेकडोंना आणखी एक हंगाम खेळावयास लावते. आयर्लंडचा कॉनर नायलंड २०११ मध्ये विंबल्डन व अमेरिकन स्पर्धांच्या मुख्य फेरीत खेळला, पण १२९ व्या क्रमांकापुढे गेला नाही. त्याने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘द रॅकेट’ हे पुस्तक ह्या दुसऱ्या, अधिक सामान्य शक्यतेचा पुरावा म्हणून वाचण्यासारखे आहे.

संधीचे हे मूल्य सर्वांना सारखे नसते. फ्रान्स-इटलीतील तरुण आगगाडीने स्पर्धेला जातो, आणि जर्मनी वा फ्रान्समधील क्लबांच्या सांघिक सामन्यांचे मानधन मिळवून उरलेला हंगाम भागवितो. भारतीय खेळाडूला प्रथम व्हिसाची रांग असते. पुण्यात बालेवाडीला २०१८ पासून भरणारी ए.टी.पी. स्पर्धा २०२३ नंतर राहिली नाही, तेव्हा यजमान म्हणून मिळणारा तेथील थेट प्रवेशही गेला.

खेळाडूखेरीज ह्या सामन्यांत आणखी एकाला रस असतो, तो सट्टेबाजाला. तळाच्या स्पर्धांत पंच प्रत्येक गुण हातातील यंत्रात नोंदवितो आणि ती माहिती तत्क्षणी जगभर जाते. महासंघाने २०१२ पासून ह्या माहितीचे हक्क स्पोर्टरडार ह्या कंपनीस विकले. २०१५ मध्ये जाहीर झालेला पुढील करार पाच वर्षांचा व सुमारे सात कोटी डॉलरचा होता. ॲडम लुईस ह्यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये अशी शिफारस केली की, पंधरा हजारी स्पर्धांच्या माहितीची विक्री बंद करावी. समितीने ३,२०० हून अधिक खेळाडूंना प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ४६४ जणांनी सामने ठरवून हरण्याच्या प्रकारांची प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. ह्यात नवल वाटावयास नको. पहिल्या फेरीत जिंकणे व हरणे ह्यांतील फरक अवघा १०२ डॉलर आहे; तेवढ्याहून थोडी अधिक रक्कम देणारा कोणीही त्या निकालाचा खरेदीदार होऊ शकतो. चारित्र्याची परीक्षा इतक्या स्वस्तात घेणारी व्यवस्था प्रथम दोषी धरावी, असे मला वाटते.

सुधारणेचे दोन प्रयत्न नमूद करावयास हवेत. २०१९ च्या आरंभी महासंघाने पंधरा हजारी स्पर्धांचे ए.टी.पी. गुण काढून घेऊन धंदेवाईकांची संख्याच आवळण्याचा घाट घातला. खेळाडूंनी इतका विरोध केला की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते परत द्यावे लागले. गिऱ्हाइकाला हवी असलेली वस्तूच दुकानातून काढून घेतल्यावर दुसरे काय होणार ? ए.टी.पी. ने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देऊ केली: पहिल्या शंभरांस तीन लाख डॉलर, १७५ व्या क्रमांकापर्यंत दीड लाख, २५० व्यापर्यंत ७५,०००. ही योजना स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यामुळे २५० व २५१ ह्या दोन क्रमांकांमधील कडा अधिकच उभा झाला. मोनास्तीरच्या कोर्टांवरील बहुतेक मंडळी त्या कड्याच्या खाली, कित्येक शेकडे क्रमांक मागे आहेत.