अपघात खाली, कारण वर

सकाळी 6
नवले पुलाच्या अलीकडे, सेवा रस्त्याच्या कडेला उभी आहे. मुंबई-बेंगळुरू महामार्ग पुण्याला वळसा घालतो तो हा भाग. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला रस्ता दरी पूल, स्वामीनारायण मंदिर करत नऱ्ह्यापर्यंत उतरतच राहतो. रात्रभर चाललेले ट्रेलर साताऱ्याकडून येतात आणि त्यांच्यामागे हवेत एक जळका, घशाला लागणारा वास रेंगाळतो. तो टायरचा नाही, ब्रेकच्या लायनरचा. आजचा पहिला पुरावा नाकाला मिळाला, स्पीडगन अजून पिशवीतच आहे.

7
टपरीवर कराडकडचा एक ड्रायव्हर चहा पीत होता. गाडीत साखर, जायचं न्हाव्याशेव्याला. "उताराला न्यूट्रल करता का हो?"
"सगळेच करतात ताई. डिझेल वाचतं. मालक लिटरचा हिशोब मागतो."
वाचत नाही. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला, की डिझेल जवळपास बंदच होतं; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं. शिवाय इंजिनाचा अडसर गेला की सगळं ओझं ब्रेकवर येतं. हे त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं, पटलं की नाही देव जाणे. जुन्या गाड्यांवर शिकलेल्या उस्तादाने सांगितलेलं असतं, ते माझ्यासारखीच्या दोन वाक्यांनी कसं निघेल?

9.30
कार्यालय. आमचं काम रस्ता सुरक्षा लेखापरीक्षणाचं. चार टेबलांची कंपनी, भिंतभर नकाशा. पोलीस मोबाइलवरून अपघाताची माहिती भरतात ती 'आयरॅड' प्रणाली, आयआयटी मद्रास आणि एनआयसीने उभी केलेली. काम मोठं आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण नकाशावरचा ठिपका जिथे फॉर्म भरला तिथे पडण्याचा धोका असतो, म्हणजे कधी ठाण्याच्या आवारात, कधी रुग्णालयाच्या दारात. असे ठिपके हुडकून बाजूला काढण्यात सकाळ जाते. राहिलेल्यांची जागा कागद वाचूनच ठरवायची.

12
त्यासाठी पोलीस ठाणं. हवालदारांनी फायली काढून ठेवल्या होत्या, पंखा माझ्याकडे वळवला. फिर्यादींची भाषा ठरलेली: वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात. दहा फिर्यादी वाचा, दहा वेळा तेच. त्यात पोलिसांचा दोष नाही. कायद्याला आरोपी हवा असतो, मला जागा हवी असते, आणि कागद कायद्यासाठी लिहिलेला असतो.

म्हणून मी थेट घटनास्थळ पंचनाम्यावर जाते. एक हाताने काढलेला नकाशा बराच वेळ पाहत बसले. रस्त्याच्या दोन रेघा, दुभाजक, एक चौकोन म्हणजे कंटेनर, पुढे छोटे चौकोन दाटीवाटीने. कोपऱ्यात लाइटच्या खांबापासूनचं अंतर पावलांत. टायर घासल्याच्या खुणेची रेघ मात्र नव्हती.
"खुणा राहिल्या असतील काढायच्या?" मी विचारलं.
"नाही मॅडम, नव्हत्याच. मी स्वतः होतो."
म्हणजे चाकं लॉक झालीच नाहीत. बहुधा ब्रेक दाबलेच नाहीत, किंवा दाबून उपयोग झाला नाही.

त्याच फाइलीत मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल: ब्रेक कार्यरत. ड्रायव्हरचा जबाब: ब्रेक लागले नाहीत. कुणीही म्हणेल, ड्रायव्हर खोटं बोलतोय. पण दोघंही खरं बोलत असू शकतात. सतत दाबून ड्रम आणि लायनर तापले की पकड जाते. गाडी काही तास उभी राहून थंड झाली की पकड बऱ्यापैकी परत येते. तपासणी होते थंड गाडीची.

4
बैठक. महामार्गाचे अभियंते, वाहतूक पोलीस, आरटीओ, बिस्किटं. राष्ट्रीय महामार्गावरच्या अपघातप्रवण ठिकाणाची व्याख्या सर्वांना पाठ: सुमारे 500 मीटरचा पट्टा, तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. चौकासाठी ही व्याख्या ठीक आहे. सलग काही किलोमीटर उताराला ती कशी पुरेल? ब्रेक तापतात वर, गाड्या चेपतात खाली, आणि लाल रंग खालच्याच पट्ट्याला लागतो. मग उपायही तिथेच साचतात: रंबलर, कॅमेरे, फलक. नोव्हेंबर 2022 मध्ये इथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना ठोकरलं, त्याचीही आठवण लोकांना पुलाच्या नावानेच आहे.

मी म्हटलं, ज्याचे ब्रेक गेलेत त्याला खालचा कॅमेरा फक्त फोटो काढून देईल. एक अभियंता हसले, मग म्हणाले, "मग वर काय करायचं ते लिहून द्या." एवढं पुरे होतं. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेलं 198अ हे कलम रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल यंत्रणेलाही जबाबदार धरतं, पण ते बैठकीत काढलं की माणसं बोलायचीच थांबतात.

6.45
परत उतारावर. संध्याकाळी सहा ते नऊ, देशभरात सर्वाधिक अपघात याच वेळेत नोंदले जातात. इथे नऱ्हे, आंबेगाव, वडगावची घरी निघालेली माणसं महामार्गावर चढतात आणि पुलाआधी रांग लागते. रांगेच्या शेपटाला बहुतेक दुचाक्या. वरून ताशी 80 ने येणारा ट्रक सेकंदाला 22 मीटर येतो. ड्रायव्हरला रांग दिसून पाय हलेपर्यंत तीसेक मीटर गेलेले. आणि ब्रेक तापलेले असतील तर पुढचा हिशोब मांडायलाच नको.

9
घरी, जेवणानंतर टिपण. पहिली शिफारस पुलाची नाहीच, बोगद्याच्या साताऱ्याकडच्या बाजूची. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर वेग तसाही कमी होतो. तिथे जड वाहनांसाठी थांबा, ब्रेकची आणि वजनाची तपासणी, आणि बोगद्याआधीच खालचा गिअर टाकायला सांगणारे मोठे फलक. मराठी, हिंदी, कन्नड तिन्हींत, कारण निम्म्या गाड्या बेळगाव-हुबळीकडच्या वाटतात. वाटतात, एवढ्यावर अहवाल चालत नाही. हवालदारांना मेसेज केला: उद्या सकाळी नाक्यावर नंबरप्लेट मोजायच्यात, सोबत कुणी मिळेल का? लगेच उत्तर आलं, "मीच येतो मॅडम. साडेपाचला निघू."