अँपिअर आणि घरांतील तार

विजेची गोष्ट निघतांच बहुतेकांच्या तोंडीं व्होल्ट हा शब्द येतो. अँपिअरची आठवण सहसा कोणास होत नाहीं. परंतु घरांतील तार तापते ती तिच्यांतून वाहणाऱ्या प्रवाहामुळें, आणि प्रवाहाचें माप अँपिअर हें आहे. पाण्याच्या उदाहरणानें हा भेद सहज उमगतो. टाकी जितकी उंच, तितका नळावर दाब अधिक. विजेच्या बाबतींत तो दाब म्हणजे व्होल्ट. नळांतून दर सेकंदास किती पाणी वाहतें, तें माप म्हणजे अँपिअर.

फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर (१७७५–१८३६) यांचें नांव या एककास १८८१ सालीं पॅरिस येथील विद्युत्परिषदेंत देण्यांत आलें. २०१९ पासून त्याची व्याख्या इलेक्ट्रॉनच्या विद्युद्भाराच्या ठराविक मूल्यावर आधारलेली आहे.

एखाद्या उपकरणास किती अँपिअर लागतात, हें काढणें सोपें आहे. त्यावर छापलेल्या वॅटांस व्होल्टांनीं भागावें. भारतांतील घरांत दाब २३० व्होल्ट धरतात. १००० वॅटची इस्त्री सुमारें ४.३ अँपिअर घेते, तर २००० वॅटचा गिझर ८.७. म्हणून इस्त्रीस ६ अँपिअरचें लहान सॉकेट पुरतें. गिझरास १६ अँपिअरचें सॉकेट व जाड तार हवी. त्या लहान सॉकेटवरच इस्त्रीच्या जोडीस १५०० वॅटची किटली लावली, तर बेरीज ११ अँपिअरच्या घरांत जाते.

इतक्यानें काय बिघडतें? तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूलनें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेला नियम. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. तारेवरील वेष्टण हळूहळू मऊ होतें, करपतें, आणि एके दिवशीं भिंतीआड ठिणगी पडते.

हा अनर्थ टाळण्यासाठीं फ्यूज असतो. तो मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा आहे. तार धोक्यांत येण्यापूर्वीं तो स्वतः वितळतो. एम.सी.बी. हेंच काम खटका पाडून करतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार बसविणें म्हणजे भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा हांकलून देणें होय. फ्यूजचा आंकडा तारेच्या मगदुराप्रमाणें ठरवावा, उपकरणाच्या भुकेप्रमाणें नव्हे.

तथापि फ्यूज तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. सुमारें १० मिलिअँपिअर प्रवाहानें स्नायू आंखडून हात तारेस चिकटून राहूं शकतो. ३० मिलिअँपिअरच्या पुढें प्रवाह कांहीं काळ टिकल्यास हृदयाची लय बिघडण्याचें भय असतें. एका अँपिअरचे हजार मिलिअँपिअर होतात. तेव्हां इतक्या अल्प प्रवाहाची ६ अँपिअरच्या फ्यूजला दादही लागत नाहीं. त्याकरितां नीट केलेलें अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारें साधन, हीं दोन्हीं प्रत्येक घरांत असावींत.