औषधांचा देहप्रवास – लेखांक ९ : सामूचा फरक आणि औषधांचा साठा

वापरातली बहुतेक औषधे सौम्य आम्ल तरी असतात किंवा सौम्य आम्लारी. पाण्यात विरघळल्यावर त्यांचे काही रेणू विद्युतप्रभार धारण करतात, काही प्रभाररहित राहतात. कोणते किती, हे भोवतालच्या सामूवर म्हणजेच पीएचवर ठरते. माती परीक्षणाच्या अहवालामुळे हा शब्द शेतकऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे; औषधशास्त्रातही त्याचा अर्थ तोच. आम्लधर्मी औषध आम्ल द्रवात प्रभाररहित राहते आणि अल्कधर्मी द्रवात ऋणप्रभारित होते. आम्लारी औषधाचे नेमके उलट: आम्ल द्रवात ते हायड्रोजन आयन उचलून धनप्रभारित होते.

पेशीचे आवरण मेदाचे असते. प्रभाररहित रेणू त्या मेदात विरघळून पलीकडे जातो. प्रभारित रेणूभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते आणि ते सोडून मेदात शिरणे त्याला जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे आवरणाच्या दोन बाजूंना सामू वेगळा असला, की समतोल फक्त प्रभाररहित रेणूंचा साधला जातो. त्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे होते. पण ज्या बाजूला औषध अधिक प्रभारित होते, तिथे त्याच्या जोडीला प्रभारित रेणूंचा मोठा साठा जमतो. हे दार एकेरी नसते. रेणू परतही जातात, फक्त परत जाण्याजोगे रेणू तिथे थोडेच असतात.

हिशोब सोपा आहे. प्रत्येक औषधाचा पीकेए नावाचा एक ठरलेला आकडा असतो. त्या सामूला निम्मे रेणू प्रभारित आणि निम्मे प्रभाररहित असतात. तिथून सामू एका अंकाने सरकला, की दोन रूपांचे गुणोत्तर दहा पटींनी बदलते, दोन अंकांनी सरकला तर शंभर पटींनी. रक्ताचा सामू सुमारे ७.४, जठररसाचा १ ते २, पेशीतल्या लायसोसोमचा (शालेय पुस्तकातली लयकारिका) ४.५ ते ५ आणि लघवीचा ४.५ ते ८ असतो. साठा कुठे होणार, हे या चार आकड्यांवरून पुष्कळसे कळते.

ॲस्पिरिनचा पीकेए ३.५ आहे. सामू २ असलेल्या जठरात त्याचे ९७ टक्के रेणू प्रभाररहित असतात आणि सहज अस्तराच्या पेशींत शिरतात. पेशीच्या आत सामू ७ च्या आसपास. तिथे एका प्रभाररहित रेणूमागे तीन हजारांहून अधिक प्रभारित रेणू होतात आणि पेशीतच अडकून पडतात. ॲस्पिरिनने जठराला होणाऱ्या इजेचे हे एक कारण आहे. त्याचे शोषण मात्र मुख्यतः लहान आतड्यातच होते, कारण आतड्याचा पृष्ठभाग जठरापेक्षा कितीतरी मोठा आहे. सामूचा नियम दिशा सांगतो. वेग ठरवणारी कारणे वेगळी असतात.

आम्लारी औषध याच वाटेने उलटे येते. पार्कहर्स्ट शोर, बर्नार्ड ब्रोडी आणि एड्रियन हॉगबेन यांनी १९५७ साली कुत्र्यांना औषधे शिरेतून देऊन त्यांचा जठररस तपासला. आम्लारी औषधे रक्तापेक्षा किती तरी अधिक प्रमाणात जठररसात उतरलेली आढळली, आणि सामूनुसार वाटणीचा सिद्धांत त्यातूनच पुढे आला. मॉर्फिन टोचलेल्या माणसाच्या जठरातही मॉर्फिन सापडते ते याचमुळे. न्यायवैद्यकात ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: जठरात आम्लारी औषध सापडले, एवढ्यावरून ते तोंडावाटे घेतले होते असे म्हणता येत नाही.

हाच नियम मुद्दाम राबवून बनवलेले औषध आज घरोघरी आहे. ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणून सकाळी अनशापोटी घेतली जाणारी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल हे ते औषध. ओमेप्राझोल हे फार सौम्य आम्लारी आहे, पीकेए सुमारे ४. रक्तात, स्नायूंत, यकृतात ते जवळजवळ पूर्ण प्रभाररहित राहते आणि कुठेच साठत नाही. लायसोसोमचा सामूही त्याला प्रभारित करायला पुरेसा आम्ल नाही. शरीरात एकच जागा तेवढी आम्ल आहे: जठराच्या आम्लस्रावी पेशीतली सूक्ष्म नलिका, जिथे प्रोटॉन पंप (प्रोटॉन म्हणजेच हायड्रोजन आयन) आम्ल ओततो आणि सामू १ च्या जवळ जातो. पीकेए आणि सामू यांच्यात तीन अंकांचे अंतर पडले की साठा हजार पटींच्या घरात जातो. शिवाय त्याच तीव्र आम्लात औषधाचा रेणू रूप बदलतो आणि शेजारच्या पंपाला कायमचा चिकटतो. म्हणून रक्तातून हे औषध दोन-तीन तासांत ओसरले, तरी परिणाम दिवसभर टिकतो. नवे पंप तयार होईपर्यंत पेशी थंडावलेली राहते. गोळी नाश्त्याच्या आधी घ्यायची, कारण खाण्याने पंप जागे होतात आणि पंप चालू असल्याशिवाय तो सामू तयारच होत नाही. गोळीवर आवरण असते त्यालाही कारण आहे. ते नसते तर जठरातल्या आम्लातच औषध वेळेआधी बदलून वाया गेले असते. ‘जेवणानंतर घेतली तरी चालते’ असे म्हणून ही गोळी घेणाऱ्यांना तिचा पूर्ण उपयोग होतोच असे नाही.

क्लोरोक्विनच्या बाबतीत साठा पेशीच्या आत होतो. हान्स आंडरझाग यांनी १९३४ साली जर्मनीत बनवलेल्या या औषधाच्या रेणूत हायड्रोजन आयन स्वीकारणाऱ्या दोन जागा आहेत. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन आपल्या अन्नपोकळीत पचवतो आणि तिथे सामू ५ च्या आसपास असतो. रक्ताशी फरक २.४ अंकांचा. एकच जागा असती तर साठा सुमारे २५० पट झाला असता; दोन जागा असल्याने हिशोबाने २५० चा वर्ग, म्हणजे साठ हजार पटींवर जातो. प्रत्यक्षात तो काही हजार पटींपर्यंतच पोचतो, आणि त्यातही काही वाटा हीमला चिकटून राहणाऱ्या औषधाचा असतो. हिमोग्लोबिन पचवताना सुटणारे हे हीम परजीवीला विषारी असते. एरवी तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून सुटका करून घेतो; क्लोरोक्विन ते स्फटिक होऊ देत नाही.

या परजीवीने शोधलेली पळवाटही सामूच्याच हिशोबाने समजते. फॅल्सिपेरम जातीत अन्नपोकळीच्या आवरणावरच्या एका वाहक प्रथिनात ७६ व्या जागी लायसीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन येते. लायसीन धनप्रभारित, म्हणून धनप्रभारित औषधाला दूर ठेवणारे. ते गेल्यावर अडकलेले औषध या वाहकातून बाहेर पडू लागते. भारतात असा प्रतिकार १९७३ साली आसामात प्रथम नोंदला गेला. फॅल्सिपेरमसाठी आज आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचार दिले जातात. व्हायव्हॅक्स मलेरियाला मात्र देशात अजूनही क्लोरोक्विनच, तीन दिवसांत किलोमागे २५ मिलिग्रॅम.

माणसाच्या पेशींतले लायसोसोमही आम्ल असतात, तेव्हा क्लोरोक्विन तिथेही साठते. ख्रिस्तियाँ द ड्यूव यांनी १९५५ साली लायसोसोमला नाव दिले आणि १९७४ साली त्यात ओढल्या जाणाऱ्या अशा औषधांचा सविस्तर परामर्श घेतला. हे साठे हळूहळू रिकामे होतात, म्हणून क्लोरोक्विनचा अंश शरीरात आठवडे, महिने राहतो. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना डोळ्यांची नियमित तपासणी लागते ती अशाच साठ्यामुळे. दृष्टिपटलामागच्या थरात मेलॅनिनही औषधाला धरून ठेवते. ॲझिथ्रोमायसिनचा लघुकोर्स पुरतो त्यामागेही हेच आहे: संसर्गाकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी हे औषध पोटात घेऊन जातात. लायसोसोमचा सामू टिकवायला पेशीला सतत ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत ढकलावे लागतात. औषध फुकट आत येते असे वाटले, तरी किंमत पेशीने मोजलेली असते.

वारेच्या दोन बाजूंचा फरक अगदी लहान असतो, गर्भाच्या रक्ताचा सामू आईपेक्षा ०.१ ने कमी. लिग्नोकेन या भूल देणाऱ्या औषधाचा पीकेए ७.९. प्रथिनांना न चिकटलेले मोकळे औषध धरले, तर गर्भाकडे ते आईपेक्षा फार तर २० टक्के जास्त राहते. पण बाळ गुदमरून त्याचा सामू ७.० वर आला, तर हेच प्रमाण दुपटीवर जाते. म्हणजे बाळ जितके अडचणीत, तितके औषध त्याच्याकडे अधिक. आईच्या दुधाचा सामूही रक्तापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे आम्लारी औषधे दुधात थोडी जास्त उतरतात.

उरला मूत्रमार्ग, जिथे डॉक्टरला सामू हाताने बदलता येतो. सांधेदुखीच्या बामात वापरले जाणारे विंटरग्रीनचे तेल जवळजवळ शुद्ध मिथाइल सॅलिसिलेट असते. लहान मुलाने त्याचा एक चमचा गिळला, तर सुमारे सात ग्रॅम, म्हणजे वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्यांएवढे सॅलिसिलेट पोटात जाते. सॅलिसिलिक आम्लाचा पीकेए ३. लघवीचा सामू ६ वरून ८ वर नेला, तर ती धरू शकेल त्या सॅलिसिलेटचे प्रमाण शंभर पटींनी वाढते, कारण मूत्रपिंडाच्या नलिकेतून ते परत रक्तात शोषले जात नाही. म्हणून शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. रक्त अल्कधर्मी झाल्याने विष मेंदूतून बाहेर ओढले जाते, हा तितकाच मोठा लाभ. रक्त आम्ल होऊ दिले, तर उलट विष मेंदूत शिरते. अशा रुग्णाचा जोराचा श्वास औषधाने मंदावणे धोक्याचे ठरते ते यामुळेच. आणखी एक अडचण पोटॅशियमची. ते कमी झाले, की मूत्रपिंड पोटॅशियम राखून त्याच्या बदल्यात हायड्रोजन आयन सोडते आणि कितीही बायकार्बोनेट दिले तरी लघवी आम्लच राहते. फेनोबार्बिटोनच्या विषबाधेतही लघवी अल्कधर्मी करण्याचा उपयोग होतो. ॲम्फेटामिनसारख्या आम्लारींसाठी ती आम्ल करण्याची पद्धत एके काळी होती. पण या विषबाधेत स्नायूंच्या पेशी फुटलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला आम्ल लघवी अधिक घातक ठरते, म्हणून ती सोडून देण्यात आली.